हॅव, मेक, सर्व्ह

साहेबांच्या अमराठी पत्नीशी बोलताना तिच्या तोंडून "वी टेक डिनर ॲट नाइन" असे निघून गेले आणि नवऱ्याने भर मेजवानीत तिला तिथल्या तिथे धारेवर धरले. "डिनर म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे, टेक करायला? हॅव म्हणावं, हॅव." मंडळी पोट धरधरून हसली.

घरी येताच त्याने हॅव, मेक, सर्व्ह अशी क्रियापदे लिहिलेला कागद फ्रिजवर डकवला आणि बजावले, "शुक्रवारी साहेब सपत्नीक जेवायला येताहेत. माझी बढती त्यांच्या हातात आहे. बाईंशी इंग्रजीतला चकार शब्द काढायचा नाहीस."

"बरं," ती म्हणाली.

शुक्रवारी तिने चार पदार्थ रांधले, टेबल देखणे मांडले. आठाचे नऊ झाले, तरी दारावरची घंटा वाजेना. साहेब फोनही उचलेनात. टाय सैल करीत त्याने विचारले, "निदान कुणाचा निरोप तरी आला होता का गं?"



"दुपारी बाईंचा फोन आला होता," स्वतःपुरते सूप वाढून घेत ती म्हणाली, "आज येऊ ना, म्हणून तीनतीनदा विचारत होत्या, पण 'हो' म्हणायलासुद्धा इंग्रजीच लागलं असतं."