अर्नींचा झाडू

टॅमसिन वोलोशिनचा पहिला थ्रो बास्केटच्या कड्याला लागून बाहेर आला. दोन हजार माणसांनी एकदम उसासा टाकला, तेवढाच काय तो आवाज. मग पुन्हा चिडीचूप.

घड्याळात शून्य. फलकावर एकसष्ट-एकसष्ट. वेळ संपता संपता तिला धक्का मारला गेला होता, त्यामुळे दोन फ्री थ्रो मिळाले होते आणि रेषेवर ती एकटीच उभी होती. उरलेला एक आत गेला, तर एल्क क्रॉसिंग विद्यापीठाच्या मुली पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. नाहीतर जादा वेळ, आणि तिघी तर आधीच पाच-पाच फाउल करून, बाद होऊन बाकावर बसलेल्या.

कोच मार्लिस फ्रीसन हाताची घडी घालून उभी होती. तिला काही उमगेना. फ्री थ्रो हा तर त्यांचा हुकमी पत्ता. परगावी बास्केटमागून हजारो लोक बोंबलत, भोंगे वाजवत, पण या मुलींची पापणी लवायची नाही. त्याच जोरावर चार वर्षांत तळाचा संघ वर आला होता. पेपरवाले गुपित विचारायचे तेव्हा मार्लिस सांगायची: मनगट, गुडघे आणि रोजचे दोनशे थ्रो. आणि आज घरच्या मैदानावर, अदबीनं गप्प बसलेल्या आपल्याच लोकांसमोर, एकोणीसपैकी अकरा बाहेर.

पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर मुलींनी एक झाडू आडवा ठेवला होता.

तो अर्नी फ्रीसन यांचा, मार्लिसच्या वडिलांचा. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या कर्लिंगच्या हॉलमधला बर्फ राखला. कर्लिंगमध्ये बर्फावरून जड दगड सोडतात, दोघं जण त्याच्यापुढे झाडूनं बर्फ घासत धावतात, म्हणजे दगड लांब जातो, आणि कप्तान मागून घसा फोडतो, "घासा! जोरात घासा!" अर्नींना हा एकच खेळ कळत होता. बास्केटबॉल म्हणजे त्यांच्या मते त्याचाच बिघडलेला प्रकार. लेक कोच झाली तेव्हा सामन्याला चौदा माणसं यायची. पंधरावे अर्नी, थर्मास, सूर्यफुलाच्या बियांची पुडी आणि झाडू घेऊन. कुठल्याही मुलीनं नेम धरला की ते उठायचे, खुर्चीपुढची फरशी खसाखसा घासायचे आणि ओरडायचे, "घासा! अगं घासा ना! कमी पडतोय!"

मार्लिस शरमेनं अर्धी व्हायची.

"बाबा, आपल्या मुलीचा फ्री थ्रो असला की घरचे लोक गप्प बसतात. रीत आहे तशी."

"का? कोणी गेलंय का?"

"मुलींचं लक्ष उडतं."

"एवढ्यानं उडतं? मग लग्न झाल्यावर काय करतील?"

रेफरींनी दोनदा समज दिली. एकदा विद्यापीठानं छापील पत्र पाठवलं. झाडूचा दांडा खिळखिळा झाला होता, अर्नींनी त्यात ते पत्र घडी करून ठोकून बसवलं. पुढे संघ जिंकायला लागला, हॉल भरायला लागला. नवी माणसं रीतभात जाणणारी होती. थ्रोच्या वेळी सगळा हॉल चूप आणि एकटे अर्नी चालू.

नऊ दिवसांपूर्वी ते गेले. त्यानंतरचा घरच्या मैदानावरचा हा पहिलाच सामना. सुरुवातीला त्यांच्यासाठी एक मिनिट शांतता पाळली. त्यांनी जन्मात कधी अर्धं मिनिटही पाळली नव्हती, त्यामुळे मार्लिसला आपण भलत्याच कुणाच्या शोकसभेला आल्यासारखं वाटलं.

रेफरीनं चेंडू पुढे केला. टॅमसिननं तो घेतलाच नाही. ती मार्लिसकडे वळली.

"कोच, मला जमत नाहीये."

"गुडघे वाकव. मनगट सैल सोड आणि..."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय! इथं शांत आहे फार. माझाच श्वास मला ऐकू येतोय. परगावी निदान लोक शिव्या तरी घालतात. आणि इथं अर्नीआजोबा होते. चार वर्षं त्यांच्या त्या कलकलाटात थ्रो मारलेत आम्ही, कोच. आता कोणी बोंबलतच नाही, तर चेंडू सोडायचा कधी?"

मार्लिसनं त्या खुर्चीकडे पाहिलं. मनगट, गुडघे, दोनशे थ्रो. किती पेपरांत छापून आलं होतं. आणि ज्यांनी खरं शिकवलं, त्यांना ती चार वर्षं गप्प बसा म्हणत होती.

ती खुर्चीपाशी गेली आणि तिनं झाडू उचलला.

मैदानावर तिचा आवाज कधी चढला नव्हता. तो चढवायचा कसा हेच तिला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा नुसतीच एक चिरकी किंकाळी निघाली. मागं कोणीतरी फिसकन हसलं. तिनं खाकरून घसा साफ केला, झाडू फरशीवर टेकवला आणि सुरुवात केली.

"घासा! अगं घासा ना! कमी पडतोय!"

दोन हजार माना वळल्या. रेफरी लगबगीनं आला.

"मॅडम, तुमच्याच मुलीचा थ्रो आहे. अशा वेळी शांत राहतात."

"का?" मार्लिस म्हणाली. "कोणी गेलंय का?"

टॅमसिनला फस्सकन हसू फुटलं. तिनं चेंडू घेतला आणि हसता हसताच सोडला. सगळा हॉल गरजला, तेव्हा तो आत गेल्याचं मार्लिसला कळलं. तिला दिसलं काहीच नव्हतं. ती मान खाली घालून फरशी घासत होती.