अर्धं तोंड

माणसाच्या तोंडाचा एकेक स्नायू डॉ. हळदणकरांना पाठ होता. स्वतःचं तोंड मात्र ते मुख्यतः विद्यार्थ्यांना सोलून काढायलाच वापरत. शर्वाणी बोलताना अडखळायची. भर वर्गात ते तिची नक्कल करत, "ब-ब-बाई, जीभ घरी विसरलात का?"

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांच्या चेहऱ्याची डावी बाजू अचानक लुळी पडली. नस सुजली होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, पण परीक्षकाची खुर्ची सोडतील ते हळदणकर कसले! ओठाच्या कोपऱ्याला रुमाल लावून ते हजर झाले. शेजारी बाहेरगावच्या परीक्षक मुळगुंदबाई बसल्या होत्या.

"ओठ निटणारा स्नायू कोणता?" सरांनी शर्वाणीला विचारलं. ओठच मिटत नव्हते, तर 'मिटणारा' कुठून उमटणार?

प्रश्नामागून प्रश्न आले, पण शर्वाणी अडखळत का होईना, एकही स्नायू न चुकवता सांगत गेली. सरांनी मध्येच टोमणा मारावा, तर शब्दाआधी लाळच बाहेर येत होती. शेवटी सर कसेबसे ओरडले, "ना... फास!"

"पास ना? माझंही तेच म्हणणं आहे," त्यांच्याकडे न बघता बाई म्हणाल्या आणि सही ठोकून मोकळ्या झाल्या.

संतापाने सरांनी ओठ ताणले. डावी बाजू हललीच नाही, उजवी तेवढी गालापर्यंत वर गेली.

शर्वाणी धावतच बाहेर आली. "स-सर हसले!"

बाहेर ताटकळलेल्या मुलांपैकी एकाचाही विश्वास बसला नाही.