बोलकी पिशवी

आतड्याच्या ऑपरेशननंतर अप्पा वेलणकरांच्या पोटाला शौचाची पिशवी कायमची लागली, आणि तीही बोलकी! चौकशीखोर नातेवाइकांना परस्पर वाटेला लावायला अप्पांनी तिला एकच उत्तर पढवलं होतं, "अप्पा ना? एकदम मजेत!"

यंदा करखात्याच्या यंत्रानं थेट पिशवीकडेच चौकशी केली आणि अपंगत्वाची करसवलत रद्द केली. सवलतीवाचून नव्या पिशव्या परवडणार कशा? अप्पा तणतणत कचेरीत गेले.

"अहो, धड कूस बदलता येत नाही, पंगतीत बसायची चोरी, आणि ही बया म्हणे मजेत!"

"तिचं सोडा," खिडकीतलं यंत्र अदबीनं म्हणालं. "तुमच्याच तोंडून ऐकतो. नमस्कार अप्पा, कसे आहात?"

"मजेत!" अप्पा सवयीनं बोलून गेले.

"मी तरी दुसरं काय सांगितलं होतं?" सदऱ्याआडून पिशवी म्हणाली.