करवंटीचा ताबा

मनं मोठी असली की जागा कधीच कमी पडत नाही, असं सोसायटीचे माजी अध्यक्ष रेगेसाहेब यांचं ठाम मत होतं. त्याच भरवशावर त्यांनी घरच्या मत्स्यटाकीत दोन जातींचे प्लेको मासे एकत्र सोडले. एक मोठा ठिपकेदार, एक छोटा मिशीवाला. दोघंही काचेला चिकटून शेवाळ खाणारे, भांडतील कशाला?

भांडण लपायच्या जागेवरून झालं. रेग्यांनी करवंटी पालथी घालून दिली, तर मोठ्याने छोट्याला हाकललं. दुसरी करवंटी दिली, तर मोठ्याने तोंड एकीत खुपसलं आणि शेपूट दुसरीत. रेग्यांनी काचेवर टकटक करून त्याला समजही दिली.

"अहो, आता एकही नारळ फोडणार नाही मी," बायको म्हणाली. "आठवडाभर आमटीतसुद्धा खोबरं खातोय आपण. आणि त्या बिचाऱ्याचे पर फाटलेत बघा. मरेल तो."

छोटा टाकीत टाकलेल्या काकडीच्या फोडीलाही तोंड लावेना. मग रेगे त्याला पाण्यासकट डब्यात घेऊन खालच्या मजल्यावर गेले. तिथे बांदिवडेकरांकडे टाकी होती. पण त्यांचं जिन्यातलं चपलांचं कपाट रेग्यांनीच नियम दाखवून काढायला लावलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद होतं.

बांदिवडेकरांनी दार उघडलं. "या, अध्यक्ष! आज काय हलवायचं आमचं?"

रेग्यांनी डबा पुढे केला.

"काही नाही हो. तुमच्या टाकीत याला एखादा कोपरा द्याल का?"