पूर्ण नाव

"रडवा त्याला," शेखर सर म्हणाले. "साक्षीदार खोटा पाडला तर वीस मार्क, नाहीतर भोपळा."

वर्ग हसला. साक्षीदाराच्या जागी लॉ कॉलेजचा शिपाई उभा होता. उलटतपासणीच्या सरावाला दरवर्षी त्यालाच धरून आणत. रविवार कारंजाच्या चौकातली मोटारसायकलची चोरी त्याने पाहिली, असं गृहीत धरायचं. अकरा वर्षांत सरांनी त्याला आंधळा ठरवला, दारुडा ठरवला, एकदा तर चोरच ठरवला. सर नाशकातले नावाजलेले वकील. एका शिपायावर एवढी वकिली पाजळायला त्यांना लाज कशी वाटत नव्हती, देव जाणे. शिपायाला सगळे 'मामा' म्हणत. नाव कोणी कधी विचारलं नव्हतं.

आत्ताच वर्गातल्या सनीने त्याला भिंतीवरचं घड्याळ वाचायला लावलं. तो गडबडून चुकला. पोरांनी बाकं बडवली.

पुढचा नंबर मनालीचा. शिपाई तिचा बाप होता, आणि हे वर्गात कोणालाच माहीत नव्हतं. ॲडमिशनच्या दिवशीच त्याने तिला बजावलं होतं, "इथं मला वळख द्यायची नाय. शिपायाची पोर म्हनून हिणवतील तुला." तिने ते अडीच वर्षं पाळलं. जिन्यात बाप समोरून आला तरी ती मान खाली घालायची. मग दिवसभर तिला स्वतःचीच चीड यायची.

"चला मॅडम, घाबरताय काय? शिपाईच आहे," सर म्हणाले.

मनाली उठली.

"पूर्ण नाव सांगा."

"अगं, नावात कशाला वेळ घालवतेस?" सर खेकसले. "सरळ झोडप!"

ती हलली नाही. "तुम्ही शपथेवर आहात. नाव सांगा."

बापाने तिच्याकडे पाहिलं. नको, नको, असं त्याचे डोळे विनवत होते. खरं नाव सांगितलं की सगळं उघडं पडणार होतं.

"वाल्मीक."

मनाली सरांकडे वळली.

"साक्षीदार खोटा पडला, सर. यांचं नाव झुंबर. रोज हजेरी घेताना माझ्या नावापुढे तुम्हीच ते पुकारता."