एकदा जा म्हण

"पोत्याला हात लावू नको, मी आणतो," म्हणत धनाजीनं ज्वारीचं पोतं खांद्यावर घेतलं आणि गिरणीत आणून टेकवलं.

गिरणीवाला अभिमन्यू स्टुलावर बसला होता, उजवा पाय समोर सरळ ठेवून. गुडघा वाकत नसल्यामुळं त्याला दुसरं कसं बसताच येत नव्हतं. दळण आणलेल्या बायका धनाजीकडं टकमका बघत होत्या. टीव्हीवर दिसणारा पोरगा होटगीच्या गिरणीत पोती वाहतोय, याचं त्यांना भारी कौतुक.

धनाजी पुण्याच्या एका फुटबॉल क्लबाचा फॉरवर्ड होता. गेल्या हंगामात संघात सगळ्यात जास्त गोल त्याचेच. पुण्याचा करार संपला आणि लगेच गोव्याच्या मोठ्या क्लबानं त्याला मागणी घातली. तीन वर्षांचा करार, सोमवारी सही. दुसऱ्या कुणी गावभर फटाके वाजवले असते. हा मात्र शनिवारी सकाळी एसटीनं उतरला तो थेट गिरणीवर आला.

त्याला कारण तो गुडघा.

दोघं लहानपणापासून एकत्र खेळलेले. दोघंही फॉरवर्ड, आणि खरं सांगायचं तर अभिमन्यू जास्त चपळ. चार वर्षांमागं तो मुंबईच्या क्लबाची चाचणी देऊन आला आणि निवड पक्की म्हणून त्यानं गावात पेढे वाटले. आठवडाभरानं सरावाच्या सामन्यात एका मोकळ्या बॉलवर दोघं एकदम धावले. धनाजी किंचित मागं पडला, आणि त्याचा बूट बॉलवर बसायचा तो अभिमन्यूच्या गुडघ्यावर बसला. दोन ऑपरेशनं झाली, पण पाय सरळ तो सरळच राहिला. पुढच्या वर्षी धनाजीला पुण्यानं उचललं. गावानं आपल्या परीनं हिशोब लावला: एकाचा पाय गेला म्हणून दुसऱ्याचं नशीब उघडलं. तोंडावर कुणी बोललं नाही, फक्त त्याला ऐकू जाईल इतपत बोलायचे. गावं अशीच असतात, मेली.

अभिमन्यू मात्र कधी एका शब्दानं बोलला नाही. धनाजीला तेच खात होतं. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या, एक कानाखाली वाजवली असती, तर हा सुखानं झोपला असता. त्याऐवजी दर सुट्टीत धनाजी यायचा, पोती उचलायचा, मित्राच्या गुडघ्याला तेल लावायचा आणि मान खाली घालून परत जायचा.

बायका गेल्या. धनाजी तेलाची वाटी घेऊन खाली बसला.

"अभ्या, गोव्याचं कानावर आलं असंल."

"आलं की. लई मोठा क्लब हाय."

"तू एकदा जा म्हण. तू म्हणलास तरच जातो."

"मी कोण अडवणार? जा की." अभिमन्यू हसला. "फकस्त एक कर. गोल मारल्यावर हात जोडून वर बघतोस न्हवं, तेवढं करू नको. लोक हितं येऊन मला इचारत्यात, कुणाला हात जोडतोय म्हणून."

धनाजीचा हात थांबला.

"न्हाय करत."

"आनि मॅच असली की आई टीव्ही बंद करती. तिला बघवत न्हाय. तू मनाला लावून घेऊ नको, म्हातारीचं काय एवढं." त्यानं पाय जरा पुढं सरकवला. "हितं दुखतंय बघ, जरा दाब. तुला चैन पडत असंल तर जा, धन्या. मी काय, हितंच हाय."

आता याला कुणी जा म्हणणं म्हणत असेल तर म्हणो.  धनाजी गुडघा दाबत राहिला, मग तेलकट हात पॅंटला पुसून त्यानं फोन लावला. आवाज नीट येईना म्हणून स्पीकर चालू केला.

"सर, मी धनाजी. मी येत न्हाय. खेळच सोडतोय."

"शुद्धीवर आहेस का?" गोव्याचा मॅनेजर पुण्याकडचा होता, चांगलाच तडकला. "लोक आयुष्यभर या फोनची वाट बघतात. अजून कुणाला बोलू नकोस, उद्या दिवसभर विचार कर. पण कोल्हापूरचा एक मुलगा तयार बसलाय, हेही सांगतो. सोमवारी दुपारपर्यंत तू आला नाहीस तर त्याची सही. मग रडत येऊ नकोस."

"न्हाय येत, सर."

फोन ठेवल्यावर तो हुंदके देऊन रडला आणि मग त्याला इतकं हलकं वाटलं, जितकं एकाही गोलनंतर वाटलं नव्हतं. अभिमन्यूनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"येडा हायेस तू."

"व्हय. पर आता तुझ्या डोळ्याला डोळा देता ईल. उद्यापासनं गिरणी आपन दोघं चालवू."

तो शीळ घालत घराकडं गेला. कोपऱ्यावर वळून त्यानं हातसुद्धा केला.

अभिमन्यूची आई मथुराबाई आतून भाकरीच्या पिठानं भरलेल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. 

"अभ्या, आतातरी त्या लेकराला खरं सांग. मुंबईवाल्यांनी न्हाय घेत म्हणून तुला फोन केला, तवा तुझा पाय धडधाकट हुता."

"सांगणार हाय की, आये," अभिमन्यू म्हणाला. "सोमवारी. त्या कोल्हापूरच्या पोराची सही झाली, की लगीच सांगतो."