लोगोखालचा रंग

"जुना लोगो काढत बसू नकोस गं, त्याच्यावरच नवा चिकटव," असं मामाने बजावलं होतं. पण उर्वीला अर्धवट काम आवडत नसे. मामाने तिला देऊन टाकलेल्या पांढऱ्या गाडीचा मागचा लोगो तिने हेअर ड्रायरने तापवला आणि जाड दोऱ्याने अलगद सोडवला.

खाली गडद निळा रंग होता.

तिने बोटाने तो डाग घासून पाहिला. बाबांना उडवून पळालेली गाडी निळी होती, ती कधीच सापडली नाही. पुढच्याच महिन्यात मामा ही पांढरी गाडी घेऊन आला आणि तेव्हापासून बाबांच्या जागी तोच उभा राहिला.

चहा घेऊन आलेला मामा तो निळा डाग पाहून थबकला.

"मामा, ही आधी कुणाची होती?" तिने आशेने विचारलं.

त्याने कप डिकीवर ठेवले.

"पहिल्यापासून माझीच."